भंडारा १९५४, गोठणगाव १९७२ : पूर्व आशियाचा इतिहास आमच्या गुरुजींना कोण शिकवणार?

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, प्रतापगड-गोठणगावच्या परिसरात तिबेटी निर्वासितांची एक वसाहत आहे. नाव नोर्ग्येलिंग. १९७२ साली ती वसली. तेव्हा गोंदिया हा वेगळा जिल्हा नव्हता, हा सगळा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. वसाहतीतले लोक आपल्यासारखेच धान लावतात, आपल्यासारखीच पावसाची वाट बघतात, आणि हिवाळा आला की स्वेटर विकायला गावोगाव जातात. पन्नास वर्षांहून अधिक काळ हे लोक आपले शेजारी आहेत. तरी आसपासच्या कुठल्याही शाळेत जाऊन विचारा, ही माणसे कोण? मुले म्हणतील, 'चिनी'. थोडी मोठी मुले म्हणतील, 'नेपाळी'. जे चीनच्या राजवटीमुळे घरदार सोडून आले, त्यांनाच आपली मुले चिनी म्हणतात आणि वर्गातले गुरुजी ते दुरुस्त करू शकत नाहीत.

यात गुरुजींचा दोष काढायला आम्ही बसलेलो नाही. त्यांना हे कोणी शिकवलेच नाही. डी.एड.ला नाही, बी.एड.ला नाही, नोकरीत लागल्यावर होणाऱ्या प्रशिक्षणांत तर नाहीच नाही. चीन म्हटले की शिक्षकांच्या तोंडी दोनच गोष्टी येतात : डॉ. कोटणीस आणि १९६२. जपान म्हटले की हिरोशिमा आणि बुलेट ट्रेन. कोरिया म्हटले की मोबाईल. सहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात 'प्राचीन भारत आणि जग' असा पाठ आहे, पण तो शेवटचा पाठ. शेवटच्या पाठाचे परीक्षेच्या धामधुमीत काय होते, हे शाळेत गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

पण हा विषय दूरचा नाही. विशेषतः भंडारा-गोंदियासाठी आणि विशेषतः आपल्यासाठी तर मुळीच नाही.

१९५४ चा उन्हाळा आठवा. बाबासाहेब भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवत होते. दोन वर्षांपूर्वी मुंबईत त्यांचा पराभव झाला होता, ते राज्यसभेत होते, प्रकृती ढासळलेली होती. तरी ते या धानाच्या मुलखात आले. इथेही त्यांना हरवले गेले. ही गोष्ट आपल्या भागात सगळ्यांना माहीत असते, जुनी माणसे अजून ती हळहळून सांगतात. पण त्याच दिवसांत दिल्ली आणि पेकिंगमध्ये काय चालले होते, ते कोणी सांगत नाही. २९ एप्रिल १९५४ रोजी भारत आणि चीन यांनी तिबेटशी होणाऱ्या व्यापाराचा करार केला. त्या कराराच्या नावातच तिबेटला 'चीनचा तिबेट प्रदेश' म्हटले आहे. त्याच्या प्रस्तावनेत पाच तत्त्वे आली, आणि पुढे त्या तत्त्वांना नाव पडले 'पंचशील'.

निवडणुकीनंतर तीन-साडेतीन महिन्यांनी, २६ ऑगस्ट १९५४ रोजी, बाबासाहेब राज्यसभेत परराष्ट्र धोरणावर बोलायला उभे राहिले. परराष्ट्र धोरण हा त्यांचा जुना आक्षेप होता. १९५१ साली मंत्रिमंडळातून बाहेर पडताना दिलेल्या कारणांतही ते एक कारण होते. या भाषणात त्यांनी थेट पंचशीलावर बोट ठेवले. पंचशील हा बुद्धाच्या धम्माचा भाग आहे, माओंचा त्यावर खरोखर विश्वास असता तर त्यांनी स्वतःच्या देशातल्या बौद्धांना वेगळ्या रीतीने वागवले असते, असा त्यांचा मुद्दा होता. ल्हासा चीनच्या ताब्यात जाऊ देऊन पंतप्रधानांनी चीनची हद्द भारताच्या हद्दीला आणून भिडवली, हेही त्यांनी सांगितले. १९५९ साली दलाई लामांना ल्हासा सोडावे लागले. १९६२ साली युद्ध झाले. १९७२ साली तिबेटी कुटुंबे गोठणगावला आली, म्हणजे ज्या जिल्ह्याने बाबासाहेबांना लोकसभेत पाठवले नाही, त्याच जिल्ह्यात.

हा योगायोग आहे, आम्ही त्याला नियतीबियती म्हणणार नाही. पण इतिहासाच्या शिक्षकाला यापेक्षा चांगला धडा कुठे मिळेल? आज आपल्या मुलांना 'पंचशील' दोनदा शिकवले जाते. विहारात पाच शीले शिकवतात, शाळेत नेहरूंच्या परराष्ट्र धोरणाची पाच तत्त्वे शिकवतात. एकच मूल सकाळी विहारात एक पंचशील म्हणते आणि दुपारी वर्गात दुसरे पाठ करते. दोन्हींचा संबंध काय, तो शब्द कुठून उचलला, आणि भर संसदेत त्याचा जाब कोणी विचारला, हे त्याला ना विहारात कळते ना शाळेत. हा संबंध जोडून दाखवणे हे शिक्षकाचे काम आहे. त्यासाठी शिक्षकाला आधी चीन, तिबेट आणि तिथल्या धम्माचा इतिहास थोडा तरी माहीत हवा.

आता प्रशिक्षण या शब्दाकडे येऊ. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला प्रशिक्षणाची कमतरता नाही, उलट तो प्रशिक्षणांनी वैतागलेला आहे. केंद्राची शिक्षण परिषद असते, निपुण असते, निष्ठा असते, नवे पोर्टल आले की त्याचे असते. मधूनच मतदार यादीचे काम असते. यात आशय किती आणि माहिती भरणे किती, ते शिक्षकच सांगतील. इतिहास हा विषय तर या सगळ्यात अनाथ आहे. गणित आणि भाषा यांच्या चाचण्या होतात, इतिहासाची चाचणी होत नाही, म्हणून इतिहासाचे प्रशिक्षणही होत नाही. सरळ हिशेब आहे.

अमेरिकेत मात्र १९९८ पासून शाळेच्या शिक्षकांना पूर्व आशिया शिकवण्याचा एक मोठा कार्यक्रम चालतो. 'नॅशनल कन्सॉर्शियम फॉर टीचिंग अबाउट एशिया' असे त्याचे नाव. फ्रीमन फाउंडेशनचा पैसा आणि विद्यापीठांतले प्राध्यापक यांच्या जोरावर साधारण तीस तासांचे अभ्यासवर्ग होतात. शिक्षक चीन, जपान, कोरिया यांचा इतिहास, साहित्य, कला वाचतात, मग वर्गात नेतात. त्यांना याची गरज का वाटली हे उघड आहे : व्यापार, सत्ता, स्पर्धा. त्यांचे हेतू त्यांच्यापाशी. पण जिथे बुद्धाचा शब्द दोन हजार वर्षांपूर्वी पोचला त्या चीनबद्दल ओहायोतल्या मास्तरला तीस तास मिळतात, आणि ज्या भूमीतून तो शब्द गेला तिथल्या गोरेगाव-सालेकशाच्या गुरुजींना तीन तासही नाहीत. याची लाज कोणाला वाटायला हवी?

हे प्रशिक्षण उद्या सुरू झाले तरी आमची एक भीती आहे, आणि ती आधीच बोललेली बरी. असे प्रशिक्षण 'बृहत्तर भारत' या नावाखाली होईल. भारताने जगाला संस्कृती दिली, आम्ही विश्वगुरू होतो, चीन-जपान आमचे शिष्य, वगैरे. या गोष्टीत बुद्धाला परदेशात पाठवायचे असते, पण त्याला इथून कोणी घालवले हे विचारायचे नसते. नालंदाचा अभिमान बाळगायचा असतो, पण नालंदात जे शिकवले जात होते ते जातीच्या विरोधात होते हे सांगायचे नसते. असले प्रशिक्षण नसलेलेच बरे.

खरी गोष्ट उलटी आहे. देणाऱ्यापेक्षा जपणारा मोठा ठरला. धर्मकीर्ती हा सातव्या शतकातला बौद्ध तर्कपंडित. वेदांना प्रमाण मानणे, कोणी कर्ता आहे असे धरणे, स्नानाने पुण्य मिळते असे समजणे, जातीचा गर्व करणे, देहाला ताप देऊन पाप जाईल असे मानणे, ही बुद्धी भ्रष्ट झाल्याची पाच लक्षणे आहेत, असे त्याने लिहून ठेवले. असे लिहिणाऱ्याच्या पोथ्या या देशात टिकतील कशा? त्याच्या ग्रंथांच्या मूळ संस्कृत पोथ्या राहुल सांकृत्यायन यांना १९३० च्या दशकात तिबेटातल्या मठांत सापडल्या. खेचरांवर लादून, मैल मैल चालून त्यांनी तिकडच्या फेऱ्या केल्या. आणि ज्यांचे मूळ सापडले नाही असे कितीतरी ग्रंथ आज फक्त तिबेटी आणि चिनी भाषांतरांत उरले आहेत. गोठणगावच्या गोंपातले भिक्खू ज्या भाषेत पाठ करतात, त्या भाषेत आपला हरवलेला वारसा ठेवलेला आहे. हे वाक्य भाषणातले नाही, शब्दशः खरे आहे.

'वज्रसूची'चेच बघा. ब्राह्मण कशाने ठरतो, जन्माने, देहाने, ज्ञानाने की कर्माने, असे एकेक विचारत जातीचा पायाच उखडणारे हे छोटेसे पुस्तक. परंपरा ते अश्वघोषाचे मानते. दहाव्या शतकाच्या अखेरीस त्याचे चिनी भाषांतर झाले, आणि चिनी परंपरेत ते धर्मकीर्तीच्या नावावर आहे. त्याच वज्रसूचीचा आशय सतराव्या शतकात संत बहिणाबाईंनी मराठीत आणला, स्वतः ब्राह्मण घरातली बाई असून. १८३९ साली विल्किन्सनने अश्वघोषाचे पुस्तक छापले, तेव्हा सुबाजी बापू यांनी त्याला खंडनाची जोड दिली, म्हणजे ते छापतानाही एकटे सोडवेना! पुढे तुकाराम तात्या पडवळ यांनी जातिभेदावर 'जातिभेद विवेकसार' लिहिले आणि त्याची दुसरी आवृत्ती जोतीराव फुल्यांनी १८६५ साली काढली. चीनपासून देहू-पुण्यापर्यंत जातीविरुद्धचा विचार असा फिरत होता. एका शिक्षकाने हा एवढाच प्रवास नकाशावर दाखवला तरी भूगोल, भाषा आणि इतिहास तिन्ही विषयांचे दोन तास भरतील.

आणि आपल्याच परिसराचे काय? सातव्या शतकात ह्युएन त्संग भारतात फिरला, तेव्हा कलिंगाकडून तो 'कोसल' देशात आला. हा अयोध्येचा कोसल नव्हे, दक्षिण कोसल. तिथे शंभराच्या आसपास संघाराम आणि जवळपास दहा हजार भिक्खू असल्याची नोंद त्याने केली. राजा बौद्ध होता असे लिहिले. नागार्जुन याच देशात राहत होता आणि त्याला भेटायला सिंहलहून आर्यदेव आला, ही कथाही त्याने इथलीच म्हणून दिली. त्या देशाची राजधानी कोणती, यावर विद्वान दीडशे वर्षे भांडत आहेत. कनिंगहॅमने चांदा सुचवले, फर्ग्युसनने वैरागड. आज बहुतेकांचा कल छत्तीसगडमधल्या सिरपूरकडे आहे. तिथे १९५० च्या दशकात मोरेश्वर दीक्षितांनी विहार उकरून काढले. चांदा, वैरागड आणि सिरपूर यांच्यामध्ये कोण बसले आहे ते नकाशा उघडून बघा. गोंदिया जिल्हा. तो चिनी भिक्खू आपल्या शेताच्या बांधावरून गेला असा दावा आम्ही करणार नाही, तसा पुरावा नाही. पण त्याच्या ग्रंथाचे ते पान आपल्या वर्गात वाचले जाऊ नये, याला काय कारण आहे? वैनगंगेच्या काठावर पवनीला १९६९-७० साली शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या उत्खननात स्तूप निघाला. भंडाऱ्याचे कित्येक शिक्षक पवनीला नोकरी करून निवृत्त होतात आणि जगन्नाथ टेकडीला फक्त टेकडी समजतात.

मनसरचेही असेच. भदंत सुरेई ससाई जपानातून आले, नागपूरचे झाले, आणि नागार्जुनाच्या शोधात रामटेक-मनसरच्या टेकड्यांवर आयुष्य घातले. त्यांच्या पुढाकाराने उत्खनन झाले. ते अवशेष बौद्ध आहेत असे उत्खनन करणारे म्हणतात, वाकाटक राजा प्रवरसेनाच्या काळातले ब्राह्मणी मंदिर आहे असे दुसरे अभ्यासक म्हणतात. शिक्षकाला दोन्ही बाजू सांगा. आपली मुले वाद ऐकून बिघडत नाहीत, हुशार होतात.

आता थोडे कडू. आपल्यातही पूर्व आशियाबद्दल एक गोड गैरसमज आहे. कामठीचे ड्रॅगन पॅलेस बघायला आपण सहकुटुंब जातो. १९९९ साली जपानी उपासिका नोरिको ओगावा यांच्या सहकार्याने ते उभे राहिले, सुंदर आहे, जायलाच हवे. परत येताना गाडीत कोणीतरी म्हणतोच : जपान बौद्ध राष्ट्र आहे म्हणून पुढे गेले, तिथे जात नाही. तरुण मुले तसे मोबाईलवर पाठवतातही. हे खरे नाही.

जपानमध्ये कातडे, मेलेली जनावरे, फाशी, मसण यांची कामे करणाऱ्यांना 'एता' म्हणत, म्हणजे विटाळाने भरलेले. त्यांची वस्ती वेगळी, लग्न वेगळे. १८७१ साली सरकारी हुकुमाने हा दर्जा रद्द झाला, पण लोकांनी त्यांना 'शिन-हेईमिन' म्हणायला सुरुवात केली, म्हणजे 'नवे सामान्यजन'. नाव बदलून शिक्का तसाच ठेवण्याची ही युक्ती आपल्याला 'हरिजन' या शब्दापासून चांगली ओळखीची आहे. कुटुंबनोंदीच्या सरकारी पुस्तकावरून लग्नाआधी माग काढला जाई. वस्त्यांच्या नावांच्या छुप्या याद्या कंपन्या विकत घेत, नोकरी कोणाला द्यायची नाही ते ठरवायला, हे १९७५ साली उघड झाले. आणि धम्म? बौद्ध मंदिरांनी या लोकांना मेल्यानंतर जी धम्मनावे दिली, त्यांत 'पशू' अशा अर्थाची अक्षरे कोरली. थडग्यावरसुद्धा जात! १९७९ साली प्रिन्स्टनच्या जागतिक धर्मपरिषदेत सोतो झेन पंथाच्या माचिदा नावाच्या वरिष्ठाने जपानमध्ये असा भेदभाव नाहीच असे सांगितले. बुराकू चळवळीने त्याला धारेवर धरले, त्याला शब्द मागे घ्यावे लागले, आणि मग त्या पंथाला आपल्या स्मशानातले दगड तपासावे लागले.

हे सांगितल्याने धम्म लहान होत नाही. भिक्खूसंघाकडून बाबासाहेबांच्या काय अपेक्षा होत्या आणि तो कुठे कमी पडतो, हे त्यांनी १९५० मध्येच लिहून ठेवले आहे. आपल्या मुलांना सांगण्यासारखी खरी गोष्ट तर पुढे आहे. ३ मार्च १९२२ रोजी क्योतोमध्ये या लोकांनी 'सुईहेईशा' स्थापन केली. पुढच्याच वर्षी कोरियातल्या जिंजूमध्ये पेकचोंग म्हणजे खाटीककाम करणाऱ्या बहिष्कृतांनी आपली संघटना काढली. १९२४ साली मुंबईत बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, १९२७ साली महाड झाले. क्योतो, जिंजू, मुंबई, महाड. दूरदूरची माणसे पाचेक वर्षांत एकच गोष्ट बोलत होती. हा धडा कुठल्या पाठ्यपुस्तकात आहे? जपानने १९१० ते १९४५ कोरियाला गुलाम ठेवले, तेव्हा जपानी बौद्ध पंथ बादशहाच्या युद्धाच्या बाजूने उभे होते, हेही त्याच तासाला सांगावे लागेल. आणि जुन्या तिबेटात मठांच्या आणि सरदारांच्या जमिनीवर राबणारी माणसे होती, प्रेते वाहणाऱ्यांना तिथेही दूर ठेवत, हे गोठणगावचा धडा शिकवताना लपवायचे नाही. चीन त्याचा वापर आपल्या सत्तेच्या समर्थनासाठी करतो, तेही सांगायचे.

आपलेच कार्यकर्ते विचारतील : शाळेत फुले-आंबेडकर धड शिकवत नाहीत, तिथे चीन-जपान कशाला? प्रश्न रास्त आहे. पण फुले-आंबेडकर धड न शिकवण्याचे एक कारण हेच आहे की त्यांना एका गावच्या, एका जातीच्या चौकटीत बसवले जाते. बाबासाहेब १९५० साली कोलंबोला, १९५४ साली रंगूनला, १९५६ साली काठमांडूला गेले ते काही फिरायला नव्हे. त्यांच्या डोळ्यांपुढे आशिया होता. तो आशिया काढून टाकला की उरतो तो फक्त 'दलितांचा नेता', आणि प्रस्थापितांना तेवढाच हवा असतो.

म्हणून आमची मागणी साधी आहे. गोंदियाच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने इतिहास आणि समाजशास्त्राच्या शिक्षकांसाठी वर्षातून निदान तीन दिवसांचा वर्ग ठेवावा. सभागृहात पडद्यावर चित्रे दाखवून नव्हे. एक दिवस पवनीला जावे. एक दिवस बाबासाहेबांचे १९५४ चे भाषण आणि त्या वर्षीचा करार समोरासमोर ठेवून वाचावा; भाषण बाबासाहेबांच्या प्रकाशित वाङ्मयात आहे. तिसरा दिवस गोठणगावला. तिथेही तमाशा बघायला गेल्यासारखे जायचे नाही, मुलांची बस भरून फोटो काढायला तर नाहीच. आधी वसाहतीतल्या लोकांशी बोलून, त्यांना चालेल त्या दिवशी, शिक्षकांनी वही घेऊन जायचे आणि ऐकायचे. कुठून निघालात, वाटेत कोण राहिले, इथे आलात तेव्हा इथे काय होते, धान लावायला कोणाकडून शिकलात, पहिल्यांदा गावात कोणी पाणी दिले. हा इतिहास कुठल्याही ग्रंथात नाही. जे १९७२ साली विशीत होते ते आता सत्तरीच्या पुढे आहेत.

आणि हे दिवाळीच्या आत करावे लागेल, कारण थंडी सुरू झाली की वसाहतीतली बरीचशी माणसे स्वेटरची गाठोडी घेऊन बाहेरगावी गेलेली असतात.